पहिला टाय, सुमारे 4700 टाके

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने घेतलेल्या क्रोशाच्या वर्गातील पहिल्या दिवसाचे भाषण)

मागच्या खुर्च्यांवर आपले चार काका संकोचून बसले आहेत. काकांनी पुढे यावं. आजचा विषय त्यांच्याच गळ्यातला आहे.

क्रोशा म्हटलं की आपल्याला दाराचं तोरण, ताटावरचा रुमाल, नाहीतर बाळाचं टोपडं आठवतं. सूचना फलकावर 'नवशिक्यांसाठी टाय' वाचून चौघींनी मला जिन्यातच गाठलं. "मावशी, नंदुरबारच्या उन्हात टाय कोण घालणार?" प्रश्न बरोबर आहे. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर असतो. पण मुलाखतीला, लग्नातल्या ब्लेझरवर, औषध कंपनीच्या नोकरीत टाय लागतोच. शिवाय आपण लोकर नाही, सुती दोरा घेणार आहोत. आपला जिल्हा कापसाचा, तेव्हा सुताचं महत्त्व मी वेगळं काय सांगू!

टाय निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. तोरणात गोल फिरावं लागतं, कमान येते, पाकळ्या येतात. नवा माणूस दुसऱ्या दिवशीच सुई ठेवून देतो. टाय म्हणजे एक लांब, अरुंद पट्टी. एकच टाका, पुन्हा पुन्हा. शिवाय तो कापायचाही नाही. कापडाचा टाय तिरक्या धाग्यावर कापतात, म्हणजे तो पिळला जात नाही आणि गाठीनंतर पुन्हा सरळ होतो. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी 1920 च्या दशकात ही तिरकी कापणी रूढ केली. क्रोशाचं विणकाम मुळातच थोडं ताणलं जातं, म्हणून आपल्याला तिरकं कापायला नको, आत अस्तर नको. खालचं टोकही त्रिकोणी नको, सरळ चौकोनी चालतं. विणलेल्या टायची ती ओळखच आहे.

आता कृती. मध्यम जाडीचा सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई घ्या. रंग पहिल्या वेळी फिका असू द्या. काळ्या-निळ्या दोऱ्यात टाका दिसत नाही, रात्री ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही.

17 साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब. म्हणजे सुई आत घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन वेढे झाले. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. असे 16 खांब झाले की एक साखळी घाला, काम उलटवा आणि पुढची ओळ पहिल्या खांबापासून सुरू करा. ही वळणाची साखळी टाका म्हणून मोजायची नाही.

नवशिक्यांचं सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. ओळीतला शेवटचा खांब कडेला दडून बसतो आणि सुटतो. पट्टी हळूहळू निमुळती होत जाते आणि वाटतं, दोराच खराब आहे. त्यावर उपाय एकच: प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टी पिन लावा आणि ओळ संपली की 16 मोजा. हातही सैल-घट्ट होऊ देऊ नका. दोरा करंगळीभोवती एक वेढा घेऊन धरा, म्हणजे ओढ सारखी राहते. 16 खांबांची रुंदी साधारण 6 सेंटिमीटर यायला हवी. जास्त आली तर सुई बारीक घ्या, कमी आली तर जाड.

असं 35 सेंटिमीटर विणा. मग दर 12 ओळींनी एक टाका कमी करायचा, एकदा ओळीच्या सुरुवातीला, पुढच्या वेळी शेवटी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या निमुळत्या होतील. कमी करणं सोपं आहे: दोन शेजारच्या खांबांतून एकेक वेढा ओढा, सुईवर तीन होतील, तिन्हींतून दोरा एकदम काढा. 8 टाके उरले की पुढे तसंच सरळ, एकूण लांबी 145 सेंटिमीटर होईपर्यंत. उंच माणसासाठी चार-पाच सेंटिमीटर वाढवा.

झाल्यावर थंड पाण्यात धुवा, पिळू नका. टॉवेलवर सपाट पसरून, कडा टाचण्यांनी सरळ करून सावलीत वाळवा. ओला टाय दोरीवर टांगला की वजनाने लांबतो. वापरल्यावर गाठ सोडून गुंडाळी करून ठेवा. आणि गाठ साधीच मारा. हे विणकाम जाड असतं, मोठी गाठ गळ्यात बटाट्यासारखी दिसते.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. या टायमध्ये किती टाके बसतात? सेंटिमीटरला तीन ओळी धरा. हिशोब केला तर सुमारे 4700 होतात. नवा हात मिनिटाला 10 टाके घालतो. म्हणजे जवळजवळ 8 तास. तासाला फक्त 50 रुपये धरले तरी 400 रुपये मजुरी झाली, दोरा वेगळा. तोरणाचा असा हिशोब आपण कधी मांडला नाही, कारण ते 'फावल्या वेळात' होत असतं.

हे 'फावल्या वेळात' फार महाग पडतं. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या विणकरणींचा अभ्यास करून 1982 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की दिवसाचे तास न् तास विणणाऱ्या त्या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. गृहिणी आहेत, बसल्या बसल्या करतात, एवढंच. म्हणून मजुरीही तशीच.

आपल्या सोसायटीत कुणी विकण्यासाठी विणेल, कुणी नातवासाठी. दोन्ही चांगलं. पण कुणी "काकू, मलाही एक करून द्या ना" म्हटलं, तर 8 तासांचा आकडा हसत हसत सांगायचा. सांगायला लाज नाही. आणि ऐकणाऱ्यानेही "एवढे?" म्हणण्याआधी स्वतः एक ओळ विणून बघावी. म्हणूनच काकांना आज मुद्दाम बोलावलं आहे.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने 16 खांबांच्या 10 ओळी विणून आणा. कडा वाकडी आली तरी उसवू नका, तशीच आणा. टाका कुठे सुटला ते आपण सगळे मिळून शोधू.