सीमेपलीकडच्या लग्नाला जाताना

जिवती तालुक्यातल्या डोंगरावरून आम्ही दोघी जावा बोलत आहोत. लग्नसराई आली, म्हणून आज आमच्या परमुलखातल्या एका लग्नाची गोष्ट सांगतो. परदेशातल्या लग्नाला जायचं तर पासपोर्ट लागतो. आमच्या परमुलखाला तो लागत नाही. डोंगर उतरला की तेलंगणा. पण कागद तिथेही लागतात, आणि ते नसले तर काय होतं, हे आम्ही आमच्याच मुलीच्या बाबतीत पाहिलं.

आपले सोयरे तिकडे कसे, असं नव्या सुना विचारतात. आपला राजुरा भाग पूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यं नव्यानं मांडली तेव्हा तो इकडे आला, आधी नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ ला चांदा जिल्ह्यात. रेघ कागदावर ओढली गेली, सोयरीक होती तिथेच राहिली. आपल्या तालुक्यातल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या कित्येक घरांत दोन रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडे मतदान आहे. तेव्हा पोरी देणं-घेणं चालूच राहणार.

आमची नणंद केरामेरीकडे दिलेली. तिच्या मुलीचं लग्न आपल्याच तालुक्यातल्या मुलाशी ठरलं आणि मांडव तिकडे पडला. आम्ही दोघी, सत्त्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि तीन लेकरं हळदीच्या आदल्या दिवशी निघालो. डोंगरातली वाट जवळची, पण म्हातारं माणूस आणि आहेराची बोचकी घेऊन बसच बरी. जिवतीहून गडचांदूर, तिथून राजुरा, मग लक्कडकोटवरून आसिफाबाद.

पहिला हिशेब बसमध्येच कळला. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना प्रवास मोफत. पण दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की पुढचं भाडं पूर्ण, सासूबाईंचंसुद्धा. म्हणून पैसे मोजून नेऊ नका, थोडे जास्तीचे ठेवा.

आसिफाबादच्या स्टँडवर आमच्यातल्या थोरलीची मुलगी भेटली. दोन वर्षांपूर्वी तिलाही तिकडेच दिली. कडेवर आठ महिन्यांचं लेकरू. सगळ्या मिळून केरामेरीच्या बसमध्ये बसलो. तिकडे ९ डिसेंबर २०२३ पासून साध्या आणि एक्स्प्रेस बसमध्ये तेलंगणात राहणाऱ्या बायांना तिकीट लागत नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. आजूबाजूच्या सगळ्या बायांना तसं तिकीट मिळालं. आम्ही पाहुण्या, आम्ही पैसे काढले. आमच्या मुलीनंही पैसेच काढले. तिच्या आधारवर अजून आमच्या गावाचा पत्ता.

सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, लेकरू झालं, आणि पोरगी अजून पाहुणीच का?"

बायांनो, ती बस केरामेरीला पोचेपर्यंत आम्ही तिला एकेक विचारत गेलो. सासरच्या रेशनकार्डात नाव नाही, कारण माहेरच्या कार्डातून कमी केलेलं नाही. मतदान इकडेच. लेकराला दवाखान्यात नेते तेव्हा दर वेळी तिकीट काढते. नवऱ्याजवळ पैसे नसले की जाणं पुढे ढकलते. आणि हे सगळं कशावर अडलं? लग्नाच्या दाखल्यावर. लग्न आमच्या दारात लागलं होतं. पाचशे माणूस जेवलं. पण नोंद करायची राहिली. आधी वेचणी, मग पेरणी, मग तिचे दिवस गेले, असं करत राहूनच गेली. चूक दुसऱ्या कोणाची नव्हे, आमचीच.

त्या रात्री नणंदेच्या घरी हळद दळायला बायका जमल्या होत्या. आम्ही हेच बोलणं काढलं. नणंद म्हणाली, "माझी तर आता तुमच्याकडे येणार. तिचंही असंच झालं तर?" मग तिथेच ठरलं की रुखवतात भांड्यांच्या जोडीला एक कागदांची पिशवी ठेवायची. नवरीचं आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, बँकेचं पुस्तक, वडिलांच्या रेशनकार्डाची झेरॉक्स आणि त्या कार्डातून नाव कमी केल्याचा कागद. सोबत लग्नाची पत्रिका आणि मांडवात काढलेला नवरा-नवरीचा फोटो.

जातीचा दाखलाही त्यातच ठेवला. इथे एक गोष्ट नीट ऐका. जातींच्या याद्या राज्याराज्याच्या वेगळ्या आहेत. बंजारा समाज तिकडे लंबाडा नावानं अनुसूचित जमातीत आहे, आपल्याकडे विमुक्त जातीत. मुलगी लग्नानं दुसऱ्या राज्यात गेली, की माहेरच्या राज्यातली सवलत तिच्यामागे आपोआप येत नाही. म्हणून शिकणारी, नोकरीचा अर्ज भरलेली मुलगी देताना हे आधी विचारा, लग्नानंतर नाही.

आता नोंदणीचं. आपल्या राज्यात १९९८ चा कायदा आहे. लग्नापासून नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करायची. खेड्यात हे काम ग्रामपंचायतीत होतं. नवरा-नवरी, लग्न लावणारे आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात. हे सगळे मांडवात एका जागी असतात, नंतर चार गावांना पांगतात. म्हणून नणंदेच्या जावयानं अर्ज आधीच आणून ठेवला आणि अक्षता पडल्यावर, पंगत बसायच्या आत सह्या घेतल्या. नोंदणीसाठी मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण असावी लागतात. ज्या घराला नोंदणीची भीती वाटते, त्या घरात वय आधी विचारा.

नवी सून आमच्याकडे आली आणि पंधरवड्यात दाखला हातात पडला. त्याच वेळी थोरलीच्या मुलीचीही नोंद आमच्या ग्रामपंचायतीत करून घेतली. उशिराचा दंड भरला. त्या दाखल्यावर आधारचा पत्ता बदलता येतो. नवऱ्याचं आधार आणि त्याची संमती जोडली की स्वतःच्या नावाचं घरपट्टीचं, वीजबिलाचं काही लागत नाही. मतदार यादीतलं नाव हलवायला नमुना ८ चा अर्ज असतो. दोन्हीकडे नाव ठेवू नका. तिचा पत्ता बदलून आला त्या दिवशी तिनं फोन केला, "मोठी आई, आज लेकराला डोस द्यायला नेलं. शून्याचं तिकीट मिळालं." सासूबाईंनी ते दोनदा वदवून घेतलं.

तुम्हीही सीमेपलीकडे लग्नाला निघालात तर एवढं करा. घरातल्या प्रत्येकाचं आधार सोबत घ्या. लेकरांचं लसीकरणाचं कार्ड आणि पोटुशी बाईचं तपासणीचं कार्ड घ्या. अडचण आली तर रुग्णवाहिकेचा १०८ नंबर दोन्ही राज्यांत चालतो. भाषेची काळजी करू नका, त्या भागात मराठी आणि गोंडी समजणारं माणूस भेटतंच.

आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. बचतीचा हिशेब झाला की विचारा, आपल्या गावातून कोणती पोर तिकडे दिली, तिकडची कोणती सून इकडे आली, आणि दाखला कोणाकोणाजवळ नाही. नावं वहीत लिहा आणि एक दिवस ठरवून सगळ्या मिळून ग्रामपंचायतीत जा. एकटीला उद्या या म्हणतात, दहा जणींना खुर्ची देतात.

आहेराचं लुगडं दोन वर्षांत विरतं. दाखला तिला जन्मभर पुरतो. येतो आम्ही. नमस्कार.