नर्मदेच्या काठाकाठाने

अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहत भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिचं सर्वांत देखणं रूप पाहावं ते जबलपूरजवळच्या भेडाघाटात. धुवांधार धबधब्यावर धुरासारखे तुषार उडवत कोसळणारी ही नदी पुढे संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते आणि एकदम संथ होते. पंचवटी घाटावरून नावेत बसा. पांढऱ्या दगडात मधूनच काळपट हिरवे पट्टे दिसतात, नावाडी यमकं जुळवत एकेका कड्याची गोष्ट सांगतो. बंदरकूदनीपाशी तर दोन्ही कडे इतके जवळ येतात की, पूर्वी माकडं उडी मारून पलीकडे जात, असं सांगतात.

पुढे ओंकारेश्वर, आणि मग महेश्वर. इथे मराठी माणसाचं पाऊल थबकतंच. ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी. १७९५ साली त्यांनी देह ठेवला तोही इथेच. एवढ्या मोठ्या राज्यकर्तीचा वाडा किती साधा! त्यांनी आश्रय दिलेल्या विणकरांची महेश्वरी साडी आजही इथल्या हातमागांवर विणली जाते.

पावसाळ्यात भेडाघाटच्या नावा बंद असतात. तेव्हा दिवाळीनंतर निघा, आणि महेश्वरला एक रात्र मुक्काम ठेवाच.