गांडुळांचं अंथरूण

मी औंढा नागनाथहून बोलतेय. गांडूळखताचा बेड कुठून घ्यायचा, किती किलो गांडुळं आणायची, हे सगळ्या जणी विचारतात. गांडुळांच्या खाली काय अंथरायचं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आमच्या गटानं पहिल्यांदा बेड लावला, तेव्हा गटाच्या कर्जातून 2 किलो गांडुळं आणली. घाई माझीच. गोठ्यातलं कालचं शेण उचललं, मळणीचं सोयाबीनचं भुसकट दाबून भरलं, पाणी मारलं आणि गांडुळं सोडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बेडाच्या कडेनं वर चढलेली, कितीतरी मेलेली. आत हात घातला तर चटका बसावा इतकं गरम! थंडीत उकिरड्यातून वाफ निघते, हे आपण लहानपणापासून बघतो. ताजं शेण आणि ओलं भुसकट कुजताना तापतं, एवढंच ते. पण ऐन वेळी डोक्यात आलं नाही. कर्जाचा हप्ता मात्र चुकला नाही. त्या महिन्याची बैठक मला अजून आठवते.

तर सगळ्यात खाली असं काही हवं, जे लवकर कुजत नाही आणि पाणी निथळू देतं. नारळाच्या शेंड्या, तुराट्यांचे किंवा पऱ्हाटीचे बोटभर तुकडे, उसाचं पाचट. तीन-चार इंच पुरे. नागनाथाच्या गावात नारळाच्या शेंड्यांना काय तोटा! त्यावर अर्धवट कुजलेला पालापाचोळा, आणि मग पंधरा-वीस दिवस सावलीत ठेवलेलं शेण. भुसकट वाईट नाही. आपल्या जिल्ह्यात तेच जास्त निघतं. पण ते आधी भिजवून, शेणकाला शिंपडून दोन-तीन आठवडे बाहेर ढिगात ठेवा, अधूनमधून वरखाली करा.

एका आजीनं विचारलं, "माती का नाही अंथरायची?" खत करणारी ही लाल गांडुळं शेणात आणि कुजलेल्या पाल्यात राहणारी, शेतातली आपली गांडुळं वेगळी. शिवाय आपली काळी माती ओली झाली की चिखल, वाळली की ढेकूळ.

ओल मुठीत बघायची. दाबलं तर गोळा व्हावा, फार तर एखादा थेंब पडावा. धार लागली तर पाणी जास्त झालं.

देवाचं निर्माल्य चालतं, पण दोरे, प्लास्टिक आणि उदबत्तीच्या काड्या वेचून. कडुनिंबाचा पाला, लिंबाच्या साली, तिखट-मिठाचं उरलेलं अन्न नको. जनावराला जंताचं औषध पाजलं असेल, तर त्याचं शेण पंधरा दिवस तरी बेडात घालू नका. हे आपल्याला घरातच माहीत असतं, फक्त शेण उचलणारीला सांगायचं राहतं.

आता आम्ही सगळी गांडुळं एकदम सोडत नाही. आधी कोपरापर्यंत हात घालून बघतो. गार लागलं तर पंधरा-वीस गांडुळं एका कोपऱ्यात सोडायची, वर ओलं पोतं झाकायचं आणि रात्र जाऊ द्यायची. सकाळी ती खाली गेलेली दिसली तर बाकीची सोडा. पोत्याला चिकटून वर आलेली असली, तर आणखी आठवडाभर थांबा.