शर्यतीचे मैदान आणि गुलामांची मुक्ती



धम्मदीक्षा घेऊन आपण गुलामीचे जुने जोखड फेकून दिले आहे. परंतु जोखड फेकल्यानंतर माणसाचे पहिले कर्तव्य कोणते? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील एका शर्यतीच्या मैदानाचा इतिहास मला आठवतो. तो आज आपणांपुढे ठेवतो.

दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन शहर ही आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या विक्रीची मोठी पेठ होती. तेथील मळेवाल्यांच्या करमणुकीसाठी 'वॉशिंग्टन रेसकोर्स' होता. पैजा लावणारे मालक. घोड्यांना खरारा करणारे आणि पुष्कळदा त्यांवर स्वार होणारेही गुलाम! 1834 च्या कायद्याने त्या राज्यात गुलामास लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरला. ज्ञानबंदीचा हा कावा आपणांस नवा नाही.

1861 मध्ये यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीचा प्रश्न हेच त्याचे मूळ. युद्धाच्या शेवटच्या वर्षी दक्षिणेच्या सैन्याने या मैदानाचा तुरुंग केला आणि उत्तरेच्या कैद्यांना उघड्यावर डांबले. निदान 257 कैदी तेथे मेले. प्रेक्षकांच्या सज्ज्यामागे त्यांना कसेबसे पुरण्यात आले.

फेब्रुवारी 1865 मध्ये शहर उत्तरेच्या हाती आले. तेव्हा कृष्णवर्णीय मजुरांनी त्या सैनिकांची प्रेते उकरून त्यांना सन्मानाने पुन्हा पुरले, भोवती कुंपण घातले आणि कमानीवर 'रेसकोर्सचे हुतात्मे' अशी अक्षरे लिहिली. 1 मे 1865 रोजी सुमारे 10,000 लोक तेथे जमले. मिरवणुकीच्या अग्रभागी गुलाबाची फुले घेतलेली 3,000 शाळकरी मुले चालत होती. ज्यांना काल अक्षर निषिद्ध होते, त्यांचीच ही लेकरे!

परंतु पुढे राज्याची सत्ता जुन्या मालकवर्गाच्या हाती परत गेली. हुतात्म्यांचे अवशेष अन्यत्र हलविण्यात आले. मैदानाचे उद्यान झाले, आणि त्यास नाव मिळाले वेड हॅम्प्टन यांचे. हे गृहस्थ गुलामांचे धनी आणि दक्षिणेचे सेनापती! 1 मे चा तो दिवस शंभराहून अधिक वर्षे विस्मृतीत गेला. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी जुन्या कागदपत्रांतून तो पुन्हा उजेडात आणला.

यातील बोध स्पष्ट आहे. जो समाज आपला इतिहास स्वतः राखीत नाही, त्याच्या भूमीवर धन्याच्या नावाची पाटी लागते. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. या थोर पुरुषांनी स्मृतीचे मोल जाणले होते.

म्हणून आपणांस माझी एकच विनंती आहे. 1927 मध्ये आपल्या गावातून महाडला कोण गेले, 1956 मध्ये नागपुरास कोण गेले, वाटेत त्यांनी काय सोसले, हे वडीलधाऱ्यांना विचारा. ते मुलांच्या हातून वहीत लिहवून घ्या, आणि बुद्धपौर्णिमेस वंदनेनंतर घरात वाचून दाखवा. पहिले कर्तव्य ते हेच.

जय भीम!