शब्दांचे वजन आणि शब्दांची किंमत



एखाद्या लेखात महत्त्वाचा शब्द कोणता, हे यंत्राने कसे ओळखावे? भाषेच्या अभ्यासकांचा हा प्रश्न आता तुमच्या घरीही आला आहे. संगणकावर आपण काही शोधतो तेव्हा कोणता मजकूर आधी दाखवायचा, हे ठरवण्यात अशा हिशेबाचा वाटा असतो.

पहिला विचार साधा आहे: जो शब्द पुष्कळदा येतो तो महत्त्वाचा. पण मोजायला बसलो तर ‘आणि’, ‘आहे’, ‘या’ हेच शब्द पुढे येतात. केंब्रिजच्या विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली यावर तोड सुचवली. बहुतेक सर्व लेखांत आढळणाऱ्या शब्दाचे वजन कमी धरावे, मोजक्याच लेखांत आढळणाऱ्याचे जास्त.

हिशेब असा. लेखांच्या एकूण संख्येला तो शब्द असलेल्या लेखांच्या संख्येने भागायचे आणि भागाकाराचा लॉगॅरिथम घ्यायचा. समजा, लेख १००० आहेत. १० हा पाया धरला, तर १० लेखांत येणाऱ्या शब्दाचे वजन २ आणि सर्व लेखांत येणाऱ्याचे शून्य. तो शब्द एखाद्या लेखात जितक्या वेळा आला, त्या संख्येने पुढे हे वजन गुणतात.

आता या शून्याचा अर्थ नीट लावू या. तेच १००० लेख पाटबंधाऱ्यांविषयी असतील, तर प्रत्येकात ‘पाणी’ असणार आणि त्याचे वजन शून्य भरणार. म्हणून पाणी निरर्थक ठरले काय? मुळीच नाही. या शब्दावरून ते लेख एकमेकांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, एवढेच तो आकडा सांगतो. उलट छपाईच्या चुकीने एकाच लेखात शिरलेल्या शब्दाचे वजन ३ भरेल!

मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘पाणी’, ‘पाण्यात’, ‘पाण्याचा’ ही आपल्याला एकाच शब्दाची रूपे वाटतात. यंत्राला ते शिकवले नाही, तर ते तीन निराळे शब्द मोजते आणि एका शब्दाचा हिशेब तीन ठिकाणी फुटतो.

म्हणून मित्रहो, आकड्याला घाबरू नका, पण त्याच्यापुढे मानही तुकवू नका. काय मोजले, कशात मोजले आणि कशाशी ताडून पाहिले, हे तीन प्रश्न विचारा. पालकांनाही माझी हीच विनंती आहे. गुणपत्रिकेवरचा क्रमांक त्या वर्गाच्या तुलनेतला असतो. वर्ग बदलला की क्रमांक बदलतो. मूल तेच राहते.