पूरकार्यातील उभयचर वाहन
पूरकार्यासाठी जमीन व पाणी दोहोंत चालणारे आठचाकी वाहन घ्यावे, असा विचार पुढे आला आहे. चिखलात त्याची रुंद, कमी हवेची चाके उत्तम चालतात. पाण्यात तीच वल्ह्यांचे काम करतात, पण वेग माणसाच्या चालीएवढाच. कृष्णेच्या पुरात प्रवाहाविरुद्ध ते जाणार नाही. म्हणून आऊटबोर्ड इंजिनाची सोय, तळातील पाणी उपसणारा पंप आणि विंच आधी, छत नंतर. पाण्यावरील भारक्षमता जमिनीवरीलपेक्षा कमी असते. तीच ठळक लिहावी. ऑगस्ट २०१९मध्ये ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. जितकी जाकिटे, तितकीच माणसे घ्यावीत. उरलेल्यांसाठी पुन्हा जावे. सुखरूप परत आणणे, हीच सेवा.