टप्पा राखणाऱ्याची कर्तव्ये



भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या वस्तीला टपालाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या नाना प्रांतांतून माणसे या गावी आली आणि गावाकडची खुशाली कित्येक वर्षे पाकिटातूनच येत राहिली. पाकीट बंद असले म्हणजे आतला मजकूर सुरक्षित राहतो. परंतु पाकिटावरचा पत्ता पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही वाचता येतो. कोणी, कोणाला, कोठून आणि किती वेळा लिहिले, एवढे कळले तरी मजकूर न वाचता बरेच काही ताडता येते. इंटरनेटचेही तसेच आहे. मजकूर कूटबद्ध करून पाठविण्याची सोय आता सर्रास झाली आहे; पत्ता मात्र उघडाच राहतो. तो झाकण्यासाठी जी व्यवस्था उभी राहिली तिचे नाव टॉर, आणि तिचा सारा भार जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेल्या टप्प्यांवर, म्हणजे रिले यंत्रांवर आहे. असा टप्पा लिनक्स प्रणालीवर सुरक्षितपणे कसा उभारावा आणि त्याची राखण कशी करावी, हा या व्याख्यानाचा विषय होय.

पत्ता उघडा पडणे म्हणजे काय, याचा आपल्याकडील ठळक दाखला १९४२ सालचा आहे. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र ४२.३४ मीटरवर चालविले. पाळत चुकविण्यासाठी प्रक्षेपक एका जागेतून दुसऱ्या जागी हलवावा लागे. ऑगस्टमध्ये सुरू झालेले हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले, कारण पोलिसांच्या हाती लागलेल्या एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगून टाकले. उषा मेहता यांना चार वर्षांची सजा झाली. कार्यकर्त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणीव होती ती रचनेत. ज्याला सारे ठाऊक असते तो एक माणूस फुटला, की सारेच फुटते. त्या काळी त्याला इलाजही नव्हता.

हा इलाज पुढे गणिताने शोधून काढला. डेव्हिड चॉम या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८१ साली एका लेखात असे दाखविले, की पत्र अनेक मध्यस्थांच्या हातून आणि पाकिटात पाकीट घालून पाठविले, तर कोणत्याही एका मध्यस्थाला पाठविणारा व घेणारा या दोघांची सांगड घालता येत नाही. १९९५ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग यांनी याच धाग्यावरून ‘कांद्याच्या पापुद्र्यां’ची पद्धत बांधली. येथे एक गमतीदार अडचण उभी राहिली. अशी व्यवस्था केवळ नौदलानेच वापरली, तर तिच्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच हे जगाला कळणार! लपावयाचे तर गर्दी हवी. म्हणून ती सर्वांना खुली असणे आवश्यक ठरले. २००२ साली रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन व सायव्हरसन यांच्या प्रयत्नातून टॉरचे जाळे सुरू झाले आणि २००६ साली ते सांभाळण्यासाठी टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था स्थापन झाली.

या जाळ्यातील सर्वसाधारण वाट तीन टप्प्यांची असते. पहिल्या टप्प्याला प्रवासी कोण हे कळते, तो कोठे जाणार हे कळत नाही. शेवटच्या टप्प्याला मुक्काम कळतो, प्रवासी कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. आपल्या मागचा आणि पुढचा टप्पा एवढेच त्याचे जग. १९४२ मध्ये जे ज्ञान एका तंत्रज्ञापाशी एकवटले होते, ते येथे मुद्दाम वाटून टाकले आहे. तथापि ही व्यवस्था सर्वशक्तिमान नव्हे. वाटेच्या दोन्ही टोकांवर कोणी एकाच वेळी नजर ठेवली आणि येण्याजाण्याच्या वेळा ताडून पाहिल्या, तर सांगड घालणे शक्य होते. ही मर्यादा ध्यानात ठेवावी. देखरेखीचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. पहिला प्रश्न हा, की कोणत्या जातीचा टप्पा उभारावयाचा. शेवटचा, म्हणजे निर्गमाचा टप्पा चालविणाऱ्याचाच पत्ता बाहेरच्या जगाला दिसतो. परक्याने केलेल्या कृत्याची चौकशी त्याच्या दाराशी येते. मॉस्कोतील एका गणिताच्या अध्यापकाला एप्रिल २०१७ मध्ये अशाच कारणाने अटक झाली. त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले ते मे २०१८ मध्ये. म्हणून निर्गमाचा टप्पा राहत्या घरातून कदापि चालवू नये. मधला टप्पा त्या मानाने निर्धोक. परंतु त्याचाही पत्ता जाहीर यादीत छापला जातो, आणि काही संकेतस्थळे यादीतील प्रत्येक पत्त्याला सरसकट मज्जाव करतात. घरच्याच जोडणीवर तो ठेवला, तर घरातल्या माणसांचे बँकेचे काम अडू शकते. त्यासाठी भाड्याचा सर्व्हर घ्यावा, व सर्व्हर देणाऱ्याची संमती आधीच मिळवावी. मधल्या टप्प्यास दोन्ही दिशांनी सेकंदाला किमान १० मेगाबिट वेग आणि महिन्याला किमान १०० गिगाबाइट वाहतूक लागते.

घरूनच काही करावयाचे असेल, तर ‘ब्रिज’ हा प्रकार बरा. त्याचा पत्ता जाहीर यादीत नसतो आणि १ मेगाबिट वेगही पुरतो. मात्र अनेक सेवादार कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा जोडणीवर बाहेरून आत येण्यास दारच नसल्यामुळे ब्रिज चालत नाही. तेथे ‘स्नोफ्लेक’ नावाचे छोटे साधन ब्राउझरमध्ये बसविले तरी खारीचा वाटा उचलता येतो.

यंत्र टॉरपुरतेच राखून ठेवावे. त्यावर घरचे कागदपत्र किंवा दुसरी सेवा नको. डेबियनसारखी लिनक्स प्रणाली आवश्यक तेवढीच बसवावी. दूरवरून प्रवेश एसएसएचच्या किल्लीने व्हावा. परवलीच्या शब्दाने मिळणारा प्रवेश आणि मुख्य प्रशासकाचा थेट प्रवेश बंद करावा. फायरवॉलमध्ये एसएसएच आणि टॉर यांना लागणारी दारे सोडून बाकीची लावून घ्यावीत. सुरक्षाविषयक सुधारणा आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी. टॉरची प्रत टॉर प्रोजेक्टच्या स्वतःच्या भांडारातून, तिची डिजिटल सही पडताळून घ्यावी, आणि ती प्रशासकाच्या नव्हे, तर तिच्यासाठी निर्माण होणाऱ्या कमी अधिकारांच्या खात्याखाली चालू द्यावी.

टॉरआरसी या फाईलमध्ये करावयाच्या नोंदी थोड्याच असतात. टप्प्याचे नाव; ओआरपोर्ट, म्हणजे बाहेरचे दार; आणि संपर्काचा ईमेल. हा ईमेल जाहीर होतो, तेव्हा तो या कामापुरता वेगळा असावा. मधल्या टप्प्यासाठी एक्झिटरिले ही नोंद शून्य करावी, म्हणजे चुकूनही निर्गम घडत नाही. सॉक्सपोर्टही शून्य करावा. वेगाची व महिन्याच्या वाहतुकीची मर्यादा घालावी. एकाच माणसाचे अनेक टप्पे असतील, तर ते एका कुटुंबातले आहेत हे जाहीर करणे अगत्याचे आहे. नाही तर एकाच वाटेची दोन्ही टोके एका हातात जाण्याचा संभव राहतो. यंत्राचे घड्याळ नेहमी बरोबर चालावे. टप्प्याची ओळख ज्या गुप्त किल्लीत साठविलेली असते, तिची कूटबद्ध प्रत यंत्राबाहेर ठेवावी. यंत्र जप्त झाले किंवा कोणी आत शिरल्याचा संशय आला, तर मात्र ती किल्ली कायमची टाकून नव्या ओळखीने आरंभ करावा.

टप्पा सुरू झाल्यावर रोजनिशीत बाहेरून दार सापडल्याची नोंद येते आणि काही तासांनी तो जाहीर यादीत दिसू लागतो. पहिले काही दिवस वाहतूक अगदी तुरळक असते. त्याने गडबडून जाऊ नये. जाळे आधी नवागताचा वेग मोजते. साधारण आठव्या दिवसापासून प्रवेशाचा टप्पा म्हणून त्याचा विचार होऊ शकतो, आणि वाहतूक स्थिरावण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

देखरेख कशाची करावयाची, हा या विषयाचा गाभा आहे. भट्टीवरचा कामगार पाळी बदलताना तापमान आणि दाब नोंदवितो, त्याने भट्टीची प्रकृती कळते. टप्प्याच्या राखणदाराने असेच यंत्राकडे पाहावे: वेग किती, स्मृती किती व्यापली, डिस्क भरत आली काय, घड्याळ ढळले काय, टॉरची आवृत्ती जुनी झाली काय, ओळखीचा ठसा अनपेक्षितपणे बदलला काय. टॉर स्वतः दर सहा तासांनी रोजनिशीत आपली खुशाली लिहितो. निक्स हे साधन हेच चित्र पडद्यावर दाखविते. त्यासाठी लागणारे नियंत्रणाचे दार यंत्राच्या आतच उघडावे, बाहेर कधीही नव्हे. आकडे गोळा करणाऱ्या मेट्रिक्सपोर्टलाही हाच नियम.

प्रवाशांकडे मात्र पाहावयाचे नाही. कोणता पत्ता केव्हा आला आणि किती वेळ राहिला, अशी टिपणे निव्वळ कुतूहलापोटी ठेवली, तरी वर सांगितलेली दोन टोकांची सांगड घालण्याचे साहित्य तयार होते. ते चोराच्या हाती पडू शकते, धाकदपटशाने मागितले जाऊ शकते. टॉर रोजनिशीतील पत्ते मुळातच पुसून लिहितो आणि आपली आकडेवारी चोवीस तासांची मिळून, ढोबळ करून प्रसिद्ध करतो, ते याच कारणासाठी. तपशीलवार रोजनिशीची सोय दोष शोधण्यापुरती आहे. काम होताच ती बंद करून नोंदी पुसाव्यात. जे आपल्यापाशी नाही, ते आपल्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

भारतात कायद्याची बाजूही विचारात घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. दुसरीकडे, माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधील कलम ७९ मध्यस्थांना अटींसह संरक्षण देते, कलम ६९ शासनाला मजकुराच्या निरीक्षणाचे अधिकार देते. आणि सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सेवादार, मध्यस्थ व संस्था यांच्यावर यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घातले. नोंद न ठेवण्याचे तत्त्व आणि नोंद ठेवण्याचा आदेश यांत ओढाताण आहे, ती झाकून चालणार नाही. आपला टप्पा या बंधनात कोठे बसतो, हे तो सुरू करण्यापूर्वीच जाणत्या वकिलास विचारावे. ज्याला ही जोखीम पेलवणार नाही, त्याने स्नोफ्लेकवर समाधान मानावे, त्यात कमीपणा नाही.

अखेरीस एवढेच, की टप्पा उभारणे हे एका संध्याकाळचे काम आहे. तो राखणे हे वर्षानुवर्षांचे. सुधारणा न बसविलेले, मालकाच्या विस्मरणात गेलेले यंत्र भुरट्यांना सहज सापडते, आणि अज्ञात प्रवाशांनी टाकलेला विश्वास त्याबरोबर लुटला जातो. फार जुन्या आवृत्त्यांच्या टप्प्यांना जाळे आपण होऊन यादीतून वगळते. परंतु ती वेळ येऊ देऊ नये. महिन्यातून काही वेळा रोजनिशी वाचण्यास ज्याला सवड नाही, त्याने टप्पा रीतसर बंद करावा, किल्ली नष्ट करावी आणि सवड मिळेल तेव्हा नव्याने उभारावा.